गोळ्यातला केस

ताट ठेवणाऱ्या हाताकडे लुबोर शाफारचं लक्ष आधी गेलं. सुजलेली बोटं, अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. मग त्याने मान वर केली, तर त्या बाईंच्या डोक्यावर केस नव्हते. रुमाल होता, निळ्या ठिपक्यांचा, पण तो मागे घसरला होता आणि कपाळाच्या वर तांदळाच्या कणीएवढे पांढरे खुंट दिसत होते, त्यांच्यामधून गुलाबी कातडी. फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे बारा. ब्रनोच्या झिदेनित्से भागातल्या या ब्रुअरीत अजून चारच टेबलं भरली होती. पूर्वी इथे कुलपांचा कारखाना होता, आणि माल्टच्या गोड वाफेखाली दबलेला लोखंडाचा वास अजून भिंतींना यायचा. "बघून खा हं," बाई म्हणाल्या. "काही सापडलं तर मला सांगा. सुनेला नको, मला." आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या, दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळून. लुबोरने काट्याने बटाट्याचा गोळा फोडला. आतून वाफ आली, धुरी दिलेल्या मांसाचा वास आला, तळलेला कांदा बाजूला घरंगळला. बाईंनी वाकून फोडलेल्या गोळ्यात पाहिलं, त्याच्याही आधी, मग मान हलवली आणि त्या आत गेल्या.

त्याला वाटलं, कॅन्सर. दुसरं काय वाटणार? ऊस्तीच्या हॉस्पिटलात इर्माचं डोकं असंच झालं होतं. आधी उशीवर झुपके, मग एके सकाळी नर्सने सगळंच काढून टाकलं, आणि बायकोच्या डोक्याचा आकार त्याला लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा कळला. मागच्या बाजूला थोडं चपटं होतं. तो तिथे हात ठेवून बसायचा. तो स्पर्श, पीच फळाच्या सालीसारखा, आत्ता एकदम तळहाताला आठवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं वाटलं त्याला त्या पाण्याने. इर्मा गेल्यापासून तो रडला नव्हता, आणि इथे एका परक्या म्हातारीसाठी आपलं मन असं भरून यावं म्हणजे आपण अगदीच वाळून गेलेलो नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. ब्रुअरीचा मालक प्रोकोप, त्याची बायको हेदविका दुसरी बिअर घेऊन आली तेव्हा त्याने तिच्या सासूबद्दल हळू आवाजात विचारलं, "बोहुमिलाबाई आजारी आहेत का?"

"आजारी कसल्या," हेदविका म्हणाली. तिने ग्लास ठेवला, त्याखालची पुठ्ठ्याची जुनी ओली चकती उचलली. "कुणा मेल्याने फोनवर लिहिलं आमच्याबद्दल. त्या बिअरवाल्यांच्या ॲपवर. गोळ्यात केस सापडला म्हणे. सासूबाईंनी वाचलं आणि उठल्या, प्रोकोपचं दाढीचं मशीन घेऊन न्हाणीघरात गेल्या. कमरेएवढी वेणी होती हो त्यांची. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, घ्या, आता कुठून सापडणार." ती हसायला गेली आणि थांबली. "मला ते पाठ झालंय. ऐकायचंय? 'इथली बिअर तरुण आहे, पण स्वयंपाकघरात एक आजी आहे आणि ती मेल्याचं तिला अजून कुणी कळवलेलं नाही. गोळा फोडला तेव्हा आत तिचा निरोप सापडला, एक लांब पांढरा केस.'"

'सापडला' नाही, 'होता', लुबोरच्या मनात आलं. 'आत तिचा निरोप होता.' हे आधी आलं. मग बाकीचं आलं, आणि हातातला काटा त्याने ताटाच्या काठावर हळूच ठेवला, आवाज होऊ न देता. पण आधी ते आलं होतं, ती दुरुस्ती. पुढे कित्येक दिवस त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत राहिली ती याच गोष्टीची.

एकतीस वर्षं तो ऊस्तीच्या एका वर्तमानपत्रात प्रुफं वाचत होता. दुसऱ्यांची वाक्यं. स्वल्पविराम टाकायचा, काना काढायचा, 'च' दोनदा आला की एक खोडायचा. बातमीदारांची नावं छापली जायची, माळ्याचं, ज्योतिषाचंसुद्धा; त्याचं कधी नाही, आणि तशी त्याची तक्रारही नव्हती, निदान त्याने ती कुणाला सांगितलेली नव्हती. मग पेपर बंद पडला, त्याच वर्षी इर्मा गेली, आणि झोरा, त्याची मुलगी, एक दिवस रिकामी खोकी घेऊन आली. "बाबा, तू इथे एकटा राहून भिंतींशी बोलायला लागशील. ब्रनोला चल. माझ्याजवळ." जवळ म्हणजे ट्रामने चाळीस मिनिटं. शहराच्या कडेला, लीशेनमध्ये त्याला मिळालेल्या सातव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा सातवा मजला दिसायचा. झोरा पहिल्या महिन्यात चारदा आली, मग दोनदा, मग फोन. तिनेच त्याच्या मोबाईलवर ते ॲप टाकून दिलं. "शहरात चाळीसएक छोट्या ब्रुअऱ्या आहेत. दर शनिवारी एक कर. खा, पी, दोन ओळी लिही. माणसं भेटतील." टोपणनाव तिनेच विचारलं आणि तिनेच घातलं, 'तहानलेला'. त्याला ते आवडलं नव्हतं. पण मग त्याने पहिल्या ब्रुअरीबद्दल लिहिलं, खूप जपून, एकेक शब्द तोलून, तिथल्या काळ्या बिअरला करपलेल्या पावाच्या कडेची चव आहे वगैरे, आणि ते तीन जणांनी वाचलं. त्यातली एक झोरा. पुढच्याही शनिवारी तीनच. मग एका शनिवारी कुठल्याशा नदीकाठच्या जागी वेटरने त्याला ताटकळत ठेवलं, तो चिडून घरी आला आणि रागातच लिहून गेला की इथला वेटर बिअर आणत नाही, बिअरची आठवण आणतो. सकाळी उठून पाहिलं तर चारशे माणसांनी ते वाचलं होतं. चारशे. कोणी लिहिलं होतं, 'तहानलेले, लिहीत रहा.' सातव्या मजल्यावर, अंगात झोपायचा पायजमा, हातात थंड झालेला चहा, आणि तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता.

डिसेंबरात तो इथे पहिल्यांदा आला तेव्हा काही बिनसलं नव्हतं. बिअर चांगली होती. प्रोकोप स्वतः टेबलाशी आला होता, थोराड, लाजरा माणूस, कोपरापर्यंत ओले हात, आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या यंदाच्या फुलांबद्दल बोलत राहिला होता. स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीतून एक म्हातारी दिसत होती, डोक्याभोवती जाड पांढरी वेणी गुंडाळलेली, एखाद्या पावासारखी. गोळे आले. त्याने खाल्ले. घरी जाताना ट्रामच्या खिडकीशी बसून तो वाक्य जुळवत होता, आणि 'मेल्याचं तिला कुणी कळवलेलं नाही' इथपर्यंत ते छान आलं, पण पुढे शेवट हवा होता. नुसतंच लोंबकळत होतं. त्याने ट्रामचे तीन थांबे शेवट शोधला. आणि मग ती वेणी आठवली आणि केस आपोआप आला. गोळ्यात केस नव्हता. कुठलाच नव्हता, पांढरा नाही, काळा नाही. वाक्याला तो हवा होता एवढंच. सहा हजार माणसांनी ते वाचलं, आणि ख्रिसमसच्या जेवणाला झोराने तिच्या सासरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले, आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अभिमानाने. पुष्कळ वर्षांनी ठेवला होता.

त्या फेब्रुवारीच्या दुपारी उठून निघून जाता आलं असतं. ब्रुअऱ्या काही कमी नव्हत्या. पण पुढच्या शनिवारी तो पुन्हा तिथेच गेला, आणि त्याच्याही पुढच्या. त्याने स्वतःला सांगितलं की सांगून टाकायचं आहे, योग्य वेळ बघतोय. ते थोडंसं खरं होतं. बाकीचं खरं असं होतं की तिथे त्याला नावाने ओळखायला लागले होते. प्रोकोप लांबूनच म्हणायचा, "या शाफारसाहेब, तुमची खुर्ची गार पडलीये." हेदविका टाकीतली अजून न गाळलेली, गढूळ बिअर आणून चाखायला द्यायची. बोहुमिलाबाई ताट ठेवायच्या, उभ्या राहायच्या, वाकून बघायच्या, जायच्या. ब्रनोत येऊन दीड वर्षात त्याची कोणी वाट पाहिली नव्हती. इथे पाहत होते. ज्या टेबलाशी बसून त्याने हे केलं त्याच टेबलाशी त्याची ऊब होती, आणि त्याला ती सोडवत नव्हती.

मग बोलता बोलता एकदा तो पेपरात होता हे निघालं. "म्हणजे तुम्हाला लिहिता येतं," हेदविका म्हणाली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "मग त्या मेल्याला एक उत्तर लिहून द्या ना. आम्हाला नाही जमत. प्रोकोप लिहितो ते शिवीनेच सुरू होतं." प्रोकोप काउंटरमागून म्हणाला, "शिवीनेच संपतं पण. मधे काही नसतं." सगळे हसले. लुबोरही हसला. त्याने तिथेच, बिअरच्या चकतीच्या पाठीमागे, लिहून दिलं. लिहिलं की आमच्या स्वयंपाकघरात एक बाई आहेत, एकोणऐंशी वर्षांच्या, रोज पहाटे बटाटे किसतात. त्या मेलेल्या नाहीत हे तहानलेल्यांना कळवण्यात येत आहे. त्यांनी तुमच्यासाठी आपले केस काढून टाकले आहेत, आता तुम्ही काय काढून टाकणार? हेदविकाने वाचलं. तिने त्याच्या गालाचा मुका घेतला. ते उत्तर संध्याकाळपर्यंत दहा हजार लोकांनी वाचलं, आणि ते चांगलं होतं. लुबोरला माहीत होतं ते चांगलं आहे. इतकं चांगलं, की त्यावर तहानलेला गप्प बसलाय ही गोष्ट त्याला बंद न केलेल्या अवतरणचिन्हासारखी खटकत राहिली. दोन दिवस त्याने दम धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना वाक्य आलं. त्याने तोंड धुतलं, फोन घेतला आणि लिहिलं: 'आजींचे आभार. पण मी एकच केस परत केला होता, त्यांनी सगळेच पाठवले.' नाव: तहानलेला. पाठवून झाल्यावर आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. ओठाच्या कोपऱ्यात पेस्टचा फेस राहिला होता, आणि ते तोंड हसत होतं.

त्यानंतर लोक यायला लागले, गोळे बघायला. विद्यार्थ्यांचे घोळके यायचे, ताट आलं की फोन काढायचे, गोळे काट्याने चिरून पार चुरा करायचे आणि न खाता हसत बसायचे. "मेलेल्या आजीचे दोन द्या," असं एकाने काउंटरवर सांगितलं. प्रोकोपने त्याला कॉलर धरून अंगणात नेऊन सोडलं, त्याचंही कोणीतरी चित्रण केलं. एकीने आपल्याच डोक्यातला केस उपटून गोळ्यात खुपसला आणि ताट परत पाठवलं. तो केस लाल होता. बोहुमिलाबाई तो चिमटीत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा आहे का हा? बघ रे प्रोकोप. माझे लाल होते पूर्वी." लुबोर दोन टेबलं पलीकडे बसला होता. प्रोकोपने आईच्या हातातून केस घेतला आणि तिच्याकडे असं पाहिलं की लुबोरला खिडकीबाहेर बघावं लागलं. त्या नजरेत माया होती, लाज होती आणि कंटाळा होता, आणि तिन्हींत कंटाळा जास्त होता. त्या दिवशी भांडण झालं. हेदविकाने पुढच्या शनिवारी सांगितलं: प्रोकोप आईला म्हणाला, तू लाख म्हण नव्हता, पण तुला आता दिसत नाही नीट, तू कबूल का करत नाहीस, एका केसापायी मी सहा वर्षांचं काम पाण्यात घालू का? आता एक नवीन बाई येणार स्वयंपाकाला, शिकलेली, हॉटेलात काम केलेली. सासूबाई होदोनीनला जाणार, नणंदेकडे. "तिकडे त्यांना काही करू देणार नाहीत," हेदविका म्हणाली. "नणंदेचं स्वयंपाकघर म्हणजे देव्हारा. शिवायचं नाही." ती हळू बोलत होती. "आम्ही वाईट नाही हो, शाफारसाहेब."

मार्चमधल्या ज्या शनिवारी त्या जाणार होत्या त्या दिवशी तो अकरालाच पोचला. बोहुमिलाबाई मागच्या अंगणात, रिकाम्या पिंपांच्या शेजारी एका बाकावर बसून आपल्या सुऱ्या जुन्या फडक्यांत गुंडाळत होत्या. ऊन होतं पण गार. रुमाल बांधलेला नव्हता. केस अर्ध्या पेराएवढे वाढले होते आणि कोंबडीच्या पिलासारखे उभे राहिले होते. तो त्यांच्या शेजारी बसला. त्याने ठरवून आणलेली वाक्यं होती, आणि त्यातलं एकही वापरायचं नाही एवढं त्याला त्या क्षणी सुचलं. तो म्हणाला, "ते मी लिहिलं. तहानलेला म्हणजे मी."

बोहुमिलाबाईंनी सुरी गुंडाळणं थांबवलं नाही. फडक्याचं टोक आत खोचलं. मग म्हणाल्या, "केस होता?"

"नाही."

"नक्की?"

"नव्हता. मी तो मनाने घातला."

"कशाला?"

"वाक्य पुरं होत नव्हतं."

त्यांनी मान हलवली, जणू हे कारण त्यांना समजण्यासारखं होतं, मिठाचा अंदाज चुकला असं कोणी सांगावं तसं. पलीकडे आत पंप सुरू झाला, नळ्यांतून पाणी गेलं. "आणि दुसरं? ते मी मेल्याचं? गोळे कसे होते त्या दिवशी?"

लुबोरने आठवून पाहिलं. खरोखर प्रयत्न केला. ताट आठवत होतं, खिडकी आठवत होती, वेणी आठवत होती. चव नव्हती. "आठवत नाही," तो म्हणाला.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं. केसाबद्दल ऐकताना जे झालं नव्हतं ते आता त्यांच्या चेहऱ्याला झालं. खालचा ओठ आत ओढला गेला, म्हातारपण एकदम दिसलं. "खाऊन आठवत नाही," त्या म्हणाल्या. "वाईट होते म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"मी आत जाऊन प्रोकोपला सांगतो. आत्ता. तुम्हाला जावं लागणार नाही."

"बसा खाली."

तो अर्धवट उठला होता, तो बसला.

"माझ्या पोराने मला खोटारडी म्हटलंय," बोहुमिलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बायकोसमोर. मी म्हणत होते नव्हता, तो म्हणत होता असणार. आता तुम्ही जाऊन सांगणार, नव्हता. मग त्याचं काय होईल? मी आहे अजून चार-पाच वर्षं. तो पुढे वीस-पंचवीस वर्षं तेच उगाळत बसेल. तुम्हाला कळतंय का मी काय बोलतेय?"

"पण तुम्ही का—"

"तुम्हाला सांगून मोकळं व्हायचंय. ते व्हायचं नाही." त्यांनी सुऱ्यांचं गाठोडं मांडीवर घेतलं. "तुम्ही यायचं, दर शनिवारी. माणसं चांगली आहेत माझी, त्यांना तुमचा लळा लागलाय. नवी बाई घालील ते खायचं. आणि यातलं तोंडातून काढायचं नाही, मी मेल्यावरसुद्धा नाही. घरी जाऊन लिहायचं पण नाही. लिहाल तुम्ही. तुमच्यासारख्यांना राहवत नाही."

"नाही लिहिणार."

"बघू," त्या म्हणाल्या आणि हाताला धरून उठवावं म्हणून त्यांनी त्याच्याकडे हात पुढे केला. त्याने तो धरला. जड होता. उठून उभ्या राहिल्यावर त्यांनी आपला हात एप्रनला पुसला, त्याच्यासमोरच.

प्रोकोपने बॅग गाडीत ठेवली. हेदविका दारात रडली. बोहुमिलाबाई पुढच्या सीटवर बसल्या, गाठोडं मांडीवर, आणि समोर बघत राहिल्या. लुबोरने हात हलवला त्याला उत्तर आलं नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. स्टेशन लांब नव्हतं, प्रोकोप तासाभरात परत आला. तोवर लुबोर आपल्या खुर्चीवर बसून होता. नव्या बाईने पहिल्याच दिवशी डुकराचा गुडघा काळ्या बिअरमध्ये शिजवला होता, कातडी कुरकुरीत, बाजूला किसलेलं तिखट मूळ. तो सावकाश खात होता. चव नीट घेत होता, प्रत्येक घासाची, शिक्षा दिल्यासारखी, आणि त्याच्या लक्षात येत होतं की हे फार चांगलं झालं आहे, बोहुमिलाबाईंच्या हातच्या कुठल्याही शनिवारपेक्षा चांगलं. त्याने घास थांबवला नाही.

प्रोकोप आला तो सरळ त्याच्या टेबलाशी बसला. कोट काढला नाही. आपले ओलसर, मोठे हात त्याने टेबलावर पालथे ठेवले. "जाताना म्हणाली, शाफारांची काळजी घे. एकटा माणूस आहे. शनिवारी नाही आला तर फोन कर." तो आपल्या हातांकडे बघत होता. "मी काय काय बोललो हो तिला. गाडीतसुद्धा माफी मागायची होती, जमलं नाही." त्याने वर पाहिलं. डोळे लाल होते. "तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला काय वाटतं? केस होता ना? एवढं उगाच नाही कोणी लिहिणार. असणारच ना?"

स्वयंपाकघरात नवीन बाई कोणाला तरी तिखट मूळ कुठे ठेवायचं ते सांगत होती. लुबोरने तोंडातला घास चावून संपवला.

"असणारच," तो म्हणाला. "या वयात गळतात केस. त्यांना कळलंही नसेल."

प्रोकोपने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. त्याने लुबोरच्या दंडावर दोनदा थोपटलं, उठला, कोट खुर्चीवर टाकला आणि त्याच्यासाठी बिअर भरायला काउंटरमागे गेला.